डोंगर बघण्याचा कर

ऑरिन थिबोडो याने उभ्या जन्मात डोंगर विकत घेतला नव्हता. घर घेतलं होतं, ट्रक घेतला होता, आणि एकदा भावाच्या नादी लागून एक घोडी घेतली होती, ती आठवड्याच्या आत परत करावी लागली. पण डोंगर कधीच नाही. तरीही डिसेंबरात घरपट्टीचं बिल आलं, तेव्हा त्याच्या नावावर एक डोंगर लागलेला होता.

बिल बघून त्याने आधी चष्मा बदलला. आकडा तोच राहिला. मग तो टोपी घालून टाउन हॉलवर गेला. हार्लो गावचा टाउन हॉल मंगळवारी आणि गुरुवारी उघडतो, आणि बेरिल जेवायला गेली की बंद होतो. बेरिल आणि ऑरिन लहानपणी शाळेत एका बाकावर बसलेले. त्यामुळे ती त्याच्याशी सरकारी भाषेत बोलत नाही, आणि म्हणूनच तिचं बोलणं जास्त लागतं.

“फेरमोजणी झाली तुझ्या घराची,” बेरिलने कार्ड काढून त्याच्यापुढे सरकवलं. “झोपायच्या खोल्या दोन, न्हाणीघर एक, गॅरेज, आणि हे खाली बघ. दृश्य: डोंगर, चांगले.”

“चांगले म्हणजे काय?”

“म्हणजे तुझ्या स्वयंपाकघरातून टोबायस दिसतो. दिसतो ना?”

“दिसतो.”

“मग झालं तर. त्याचे पैसे.”

“अगं, टोबायस आपल्या गावात तरी आहे का? तो शेजारच्या कॉलफील्डच्या हद्दीत येतो.”

“डोंगर त्यांचाच. पण तू बघतोस हार्लोत बसून.”

“आणि कॉलफील्डवाले काय भरतात?”

“त्यांना कशाला भरायला लागतंय? त्यांच्याकडे तळं आहे.”

या तळ्याचं नाव निघालं की हार्लोतल्या माणसाचा घास घशात अडकतो. न्यू हॅम्पशायरमध्ये पगारावर कर नाही, खरेदीवर कर नाही, आणि इथल्या लोकांना त्याचा भारी अभिमान. पण शाळा काही अभिमानावर चालत नाही. ती घरपट्टीवर चालते, आणि ज्या गावात जशी घरं, तशी त्या गावाची शाळा. कॉलफील्डच्या तळ्याकाठी बॉस्टनच्या श्रीमंतांचे बंगले आहेत. ती माणसं उन्हाळ्यात दोन आठवडे येतात, घरपट्टी वर्षाची भरतात, आणि मुलं काही इथल्या शाळेत घालत नाहीत. अशी गुणी माणसं देवाने सगळी कॉलफील्डला दिली. त्यांच्या घरपट्टीचा दर हार्लोच्या दराचा तिसरा हिस्सा आहे, आणि त्यांच्या शाळेत पोहण्याचा तलाव आहे. गावात अख्खं तळं असताना शाळेत आणखी तलाव कशाला, हा प्रश्न हार्लोत वर्षानुवर्षं विचारला जातो. हार्लोत एके काळी कपडे वाळत घालायचे लाकडी चिमटे बनवायचा कारखाना होता. तो बंद पडला, तेव्हापासून गळक्या छताच्या शाळेचा सगळा भार ऑरिनसारख्यांच्या दोन खोल्यांवर आला.

“यंदाचं कसंबसं भरेन,” ऑरिन म्हणाला. “पुढच्या हिवाळ्यात घर विकावं लागेल मला.”

“एक अर्ज आहे,” बेरिल आवाज खाली आणून म्हणाली. “तुझ्या वयाच्या माणसाला करता येतो. गाव घरपट्टी आत्ता मागत नाही, घरावर बोजा चढवतं. तू गेलास की घर विकून वसूल.”

ऑरिनने जन्मभर या गावात टपाल वाटलं होतं. बर्फात, चिखलात, कुत्र्यांच्या साक्षीने. कुणाचा एक पैसा कधी ठेवला नव्हता. “म्हणजे मी कधी मरतोय याची वाट बघत गाव बसणार?”

“गाव नाहीतरी दुसरं काय करतं?” बेरिल म्हणाली.

तो टोपी घालून बाहेर पडला. अपमान झाल्यावर टोपी जरा जोरात घालायची त्याची सवय होती, आणि त्या दिवशी ती कानांपर्यंत आली.

आता डोंगर त्याच्या स्वयंपाकघरातून का दिसायचा, ते सांगायला हवं. आधी दिसत नसे. परसात स्प्रूसची तीन जुनी झाडं होती. आदल्या वर्षी हिवाळ्याच्या तोंडाशी त्याची बायको लॉरेन आजारी पडली, आणि डॉक्टरांनी जे सांगितलं त्यानंतर विचारण्यासारखं काही उरलं नाही. ती स्वयंपाकघराच्या खिडकीशी आरामखुर्चीत बसून राहायची. एकदा सहज म्हणाली, “या झाडांमागे टोबायस आहे ना रे?” दुसऱ्या दिवशी ऑरिनने करवत काढली. त्या वयात त्याने एकट्याने तिन्ही झाडं पाडली. एक झाड कुंपणावर पडलं, एक गॅरेजच्या पत्र्यावर, आणि तिसरं मात्र त्याला पाहिजे तिथे. लॉरेनने सबंध हिवाळा डोंगर पाहिला. उन्हाळ्याच्या अखेरीस ती गेली. फेरमोजणीवाले त्यानंतर आले. त्यांना खिडकी तेवढी दिसली, आणि त्यांनी लिहिलं: चांगले.

ऑरिनने हे कोणाला सांगितलं नाही. सांगून घरपट्टी कमी होत नाही, हे त्याला कळत होतं, आणि सांगताना आवाज फुटला असता तो वेगळाच.

शेजारच्या रॉयस पिंकमला मात्र बिलाची बातमी त्याच संध्याकाळी लागली. रॉयस निवृत्त नळदुरुस्तीवाला. त्याच्याकडे प्रत्येक गोष्टीवर सल्ला असतो, आणि तो कधी पैसे मागत नाही, त्यामुळे लोकांना फार महागात पडतो.

“हरकत घे,” रॉयस म्हणाला. “एक मार्चच्या आत हरकत घ्यायची. ते तपासायला येणार. आल्यावर त्यांना डोंगर दिसता कामा नये. डोंगर नाही, कर नाही.”

“डोंगर कुठे नेऊ मी?”

“डोंगर राहू दे की तिथेच. खिडकी झाक. लाकडं रच खिडकीपुढे. सरपण कोण अडवणार आहे तुला?”

हा मुद्दा बिनतोड होता. हार्लोत माणसाला बायको नसली तरी चालते, सरपणाची रास मात्र लागते. ऑरिनने हरकतीचा अर्ज टाकला, आणि पाडलेल्या त्या स्प्रूसचेच ओंडके फोडून खिडकीबाहेर रचायला घेतले. रॉयस उभा राहून सूचना देत होता. रास खिडकीच्या वरच्या चौकटीच्याही वर गेली, तेव्हा दोघांनी कॉफी घेतली. आत अंधार झाला होता, म्हणून दिवा लावून घेतली.

मग बर्फ पडला, आणि रास एका बाजूने कलली. रॉयसच्या सल्ल्याने तिच्या चार कोपऱ्यांना खांब ठोकले. खांबांवर रॉयसकडचा जुना पत्रा टाकला. शुक्रवारी बेरिल आली. परवान्यांचं काम शुक्रवारी तीच बघते.

“ही शेड झाली,” बेरिल म्हणाली.

“ही लाकडं आहेत.”

“लाकडं छपराखाली आहेत. चार खांब आणि छप्पर म्हणजे शेड. कार्डावर चढवावी लागेल.”

“म्हणजे घरपट्टी आणखी वाढली?”

“थोडीशी,” बेरिल म्हणाली. बर्फ तुडवत परत जाताना ती वळून म्हणाली, “स्वयंपाकघरात दिवसा दिवा लावून बसतोस का रे? लॉरेनला आवडलं नसतं ते.”

ऑरिनने पत्रा काढला. पत्र्यावरचा बर्फ राशीवर पडला, वितळला आणि रात्रीत गोठला. सगळी रास एक अखंड शिळा होऊन बसली. आता ती पाडायची म्हटली तरी मे महिन्यापर्यंत पडणार नव्हती. रॉयस म्हणाला की हे तर उत्तमच झालं. मग त्याच्याच सल्ल्याने शहरातल्या रोपवाटिकेतून उंच वाढणाऱ्या झाडांची रोपं मागवली गेली. ती आली, तर ऑरिनच्या गुडघ्याला लागत होती. सोबतच्या चिठ्ठीत लिहिलं होतं की वीसेक वर्षांत ती चांगली दाट होतात. ऑरिनने ती चिठ्ठी बराच वेळ हातात धरली. मग त्याने रोपं गॅरेजमध्ये ठेवली आणि पाठ खिडकीकडे करून दिव्याखाली सूप प्यायला.

मार्चमध्ये शाळेची सभा झाली. शाळेला वर्षाचे पैसे किती द्यायचे, हे सगळं गाव शाळेच्या व्यायामशाळेत बसून, पिवळी कार्डं वर करून ठरवतं. कुणीही उठून कशावरही बोलू शकतो, आणि बहुतेक जण बोलतात. रॉयसने ऑरिनकडून ठराव पाठ करून घेतला होता: चौथ्या शिक्षकाची जागा कमी करावी, सहावीचा वर्ग बंद करावा, आणि ती मुलं बसने कॉलफील्डच्या शाळेत पाठवावीत. घरपट्टी तेवढीच खाली येणार होती. चौथ्या शिक्षिका म्हणजे थीडा फॅरोबाई. त्या मागच्या टेबलाशी सहावीच्या मुलांबरोबर फळं भरून भाजलेल्या पाई विकत उभ्या होत्या. मुलांच्या सहलीचे पैसे गावाने पूर्वीच कापले होते. त्यामुळे दरवर्षी ज्या सभेत ते कापले गेले, त्याच सभेत तीच माणसं पाई विकत घेऊन ते भरून देतात. यात कोणाला काही वावगं वाटत नाही.

ऑरिन आयुष्यात कधी सभेत बोलला नव्हता. अध्यक्षांनी नाव पुकारलं, तो उठला, आणि त्याच्याबरोबर खुर्चीही उठली. ती पहिलीच्या मुलांची खुर्ची होती. रॉयसने ती मागून ओढली. कोणी हसलं नाही, आणि तेच त्याला जास्त लागलं. त्याने ठराव एका दमात म्हटला. रॉयसने अनुमोदन दिलं.

मग चर्चा सुरू झाली. कोणीतरी म्हणालं, मुलं कॉलफील्डला पाठवायची म्हणजे त्यांच्या त्या तलावात आपली पोरं पोहणार. दुसरा म्हणाला, पोहू देत, पैसे आपल्याच डोंगरातून येतात. तिसरा म्हणाला, डोंगर त्यांचाच आहे. यावर जो गदारोळ झाला, त्यात जेवणाच्या सुट्टीपर्यंत सगळी सभा कॉलफील्डला शिव्या देत राहिली. कॉलफील्ड विषयपत्रिकेवर कुठेही नव्हतं. अध्यक्षांनी तसं दोनदा सांगून पाहिलं, आणि तिसऱ्यांदा स्वतःच तळ्याबद्दल बोलून घेतलं.

सुट्टीत ऑरिन पाईच्या टेबलापाशी गेला. ज्या बाईंना नोकरीवरून काढायचा ठराव मांडला, त्यांच्याकडून निदान एक पाई घ्यावी, एवढी रीत त्याच्याकडे होती.

“सफरचंदाची का?” फॅरोबाईंनी विचारलं. त्यांच्या आवाजात राग नव्हता. “लॉरेनला हीच आवडायची.”

ऑरिनने मान हलवली.

“एक विचारायचं होतं तुम्हाला. जूनमध्ये आमची सहावी टोबायसवर जाते, हे तुम्हाला माहीतच आहे. वरून आम्ही आरसे चमकवतो, आणि खाली गाव बघतं. इतकी वर्षं नेतेय मी, खालून कधी उत्तर आलं नव्हतं. मागच्या जूनमध्ये आलं. मुलं ओरडायला लागली, बाई, गाव बोलतंय, गाव बोलतंय! लॉरेनच होती ना ती?”

ऑरिनला तो दिवस आठवला. लॉरेनने सकाळीच हातआरसा मागून घेतला होता. त्याला वाटलं, केस बघायचे असतील. तो पत्रा नीट करायला गॅरेजवर चढला होता. खाली आला, तर ती खिडकीशी आरसा मांडीवर ठेवून हसत बसली होती. काय झालं म्हणून विचारलं, तर म्हणाली, “काही नाही, डोंगराशी गप्पा मारत होते.” औषधाचा अंमल असेल, असं त्याला वाटलं होतं.

“तीच होती,” तो म्हणाला.

“यंदाच्या मुलांना ते माहीत आहे. विचारतात, बाई, यंदा उत्तर येईल का? म्हणून म्हटलं, तुम्हाला विचारावं.”

घंटा झाली. सगळे धावत जागेवर गेले. ऑरिन दोन्ही हातांत गरम पाई धरून खुर्चीत बसला. अध्यक्षांनी ठराव मतास टाकला. कार्डं वर गेली, मोजली गेली, दुसऱ्या बाजूची गेली, मोजली गेली. ठराव एका मताने पडला. ऑरिनचं कार्ड त्याच्या मांडीवर होतं, आणि त्याच्यावर पाई होती.

“स्वतःच्या ठरावाला मत देत नाहीस?” रॉयस बाहेर चिखलात ओरडला. “आख्ख्या न्यू हॅम्पशायरात असा माणूस झाला नसेल!”

“हात मोकळे नव्हते,” ऑरिन म्हणाला.

गावात यावर दोन पक्ष पडले. एका पक्षाचं म्हणणं की हात खरोखरच मोकळे नव्हते. दुसऱ्याचं म्हणणं की पाई जमिनीवर ठेवता येते. स्वतः ऑरिन दोन्ही पक्षांशी सहमत होता.

आता हरकतीची तपासणी हाच एक आधार उरला. तिची तारीख नेमकी जूनमध्ये सहावीच्या सहलीच्या दिवशी आली. सकाळी ओस्टरमन नावाचा एक उंच, दुःखी चेहऱ्याचा मनुष्य मोजपट्टी घेऊन गाडीतून उतरला. खोऱ्यात नदीवरून आलेलं धुकं इतकं दाट होतं, की त्याने रॉयसलाच घरमालक समजून हस्तांदोलन केलं. ओस्टरमनने न्हाणीघर पाहिलं, गॅरेज पाहिलं, गॅरेजमधली गुडघ्याएवढी झाडं पाहिली, आणि काही विचारलं नाही. स्वयंपाकघरात खिडकीपुढे लाकडांची रास होती.

“ही धरता येत नाही,” तो म्हणाला. “हलवता येण्याजोगी वस्तू आहे. बाहेर जाऊन बघू या.”

ते परसात गेले. धुक्यात कुंपणही दिसत नव्हतं.

“डोंगर कुठल्या बाजूला म्हणालात?”

रॉयसने कुठेतरी आभाळाकडे बोट दाखवलं.

“तपासणीच्या वेळी जेवढं दिसतं तेवढंच मी लिहितो,” ओस्टरमन म्हणाला. “नियम आहे. दृश्य: नाही.” त्याने पेन काढलं.

रॉयसने ऑरिनचा दंड इतका जोरात दाबला की त्याला कळ आली. हिवाळा वाचला, घर वाचलं. ऑरिन त्या पेनकडे बघत राहिला. दृश्य नाही. मग सबंध हिवाळा लॉरेन बसून पाहत काय होती? सकाळी डोळे उघडले की ती आधी खुर्ची खिडकीकडे वळवून मागायची, ती काय धुकं बघायला? घर जातंय या भीतीने त्याने स्वतःच ती खिडकी बुजवली होती, आणि आता एक परका माणूस सही करून ती कायमची बुजवणार होता.

“जरा थांबाल का?” तो म्हणाला. “दहाच्या सुमारास हे वर जातं.”

“ऑरिन!” रॉयसच्या तोंडून एवढंच निघालं.

“डोंगर आहे तिथे, साहेब. चांगला आहे. नाही असं लिहू नका.”

ओस्टरमनने आजवर पुष्कळ हरकती तपासल्या होत्या, पण हरकत घेणाऱ्यानेच असं सांगितल्याचा त्याचा अनुभव नव्हता. तो पायरीवर बसला. रॉयस त्याच्या शेजारी डोकं धरून बसला. तेवढ्यात थर्मास आणि मुलांच्या दुर्बिणी घेऊन सहावीच्या मुलांचे आईबाप यायला लागले. आरसे बघायला हीच जागा उत्तम, असं फॅरोबाईंनी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. मागाहून बेरिलही आली. तो मंगळवार होता, आणि टाउन हॉल तिने सरळ बंद केला होता.

ऑरिन आत जाऊन हातआरसा घेऊन आला, आणि आरसा हातात धरून राशीपुढे उभा राहिला. मग त्याने आरसा बेरिलच्या हातात दिला आणि वरचा ओंडका उचलला.

“अरे, इथूनच चमकव ना परसातून,” रॉयस म्हणाला.

“तिच्या खिडकीतून,” ऑरिन म्हणाला.

बेरिलने त्याच्या हातातला ओंडका घेतला आणि पुढच्याला दिला. पुढच्याने त्याच्या पुढच्याला. परसात माणसांची रांग लागली. ओस्टरमनने कोट काढून कुंपणावर टाकला आणि रांगेत उभा राहिला. राशीच्या बुडातला बर्फ जूनमध्येही पूर्ण वितळला नव्हता, म्हणून शेवटचे ओंडके लाथा घालून सुटे करावे लागले. त्या लाथा रॉयसने घातल्या. त्याने आयुष्यात कोणाला सल्ला न देता केलेलं हे बहुधा पहिलंच काम होतं.

खिडकी मोकळी झाली तेव्हा धुकं उचललं होतं. टोबायस समोर उभा होता, सगळाच्या सगळा. ऑरिनने बेरिलकडून आरसा घेतला आणि आत जाऊन आरामखुर्चीत बसला. त्याच वेळी शिखरावर एक ठिणगी चमकली, मग दुसरी, मग इतक्या की मोजता येईनात. त्याने आरसा उन्हात धरला. त्याला नेम धरता येईना, त्यामुळे उजेड आधी छतावर फिरला, मग रॉयसच्या डोळ्यांत गेला, आणि मग सरळ बाहेर निघाला. वरच्या ठिणग्या क्षणभर थांबल्या. मग सगळ्या एकदम वेड्यासारख्या चमकायला लागल्या. परसातली माणसं ओरडत होती. ऑरिन रडत होता, आणि आरसा हलवत होता.

गुरुवारी तो टाउन हॉलवर गेला.

“तो बोजाचा अर्ज काढ,” तो बेरिलला म्हणाला.

“नक्की? मग मात्र गाव तुझ्या मरणाची वाट बघत बसणार हं.”

“बसू दे. बघेल शाळेसाठीच ना? सहावी ठेवा म्हणजे झालं.”

त्याने सही केली. बेरिलने त्याच्यापुढे घराचं नवं कार्ड ठेवलं, ओस्टरमनने दुरुस्त करून पाठवलेलं. शेड कापली होती. झोपायच्या खोल्या दोन, न्हाणीघर एक, गॅरेज. आणि खाली, ‘चांगले’ खोडून, नव्या शाईत: दृश्य: डोंगर, उत्कृष्ट.

“घरपट्टी वाढली तुझी,” बेरिल म्हणाली. “यावरही हरकत घेता येते.”

ऑरिनने चष्मा बदलला आणि पुन्हा वाचलं.

“कशाला?” तो म्हणाला. “बरोबर लिहिलंय.”